बोरॉन-११ एनएमआरसाठी क्वार्ट्झची नळी : मेटॅलाबोरेन करणाऱ्यांनी घ्यावी का?

संक्रमणी धातूंची हायड्राइडे (धातूला थेट हायड्रोजन जोडलेली संयुगे) आणि मेटॅलाबोरेन (धातू, बोरॉन व हायड्रोजन यांचे पुंजके असलेली संयुगे) यांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेचा पैसा मुख्यतः ग्लोव्हबॉक्स (हवेविना काम करायची बंद पेटी), कोरडी द्रावके आणि धातूंची क्लोराइडे यांवर जातो. एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत टिपणाऱ्या तंत्रासाठी, नमुना ज्यात भरतात ती ५ मिलिमीटर व्यासाची क्वार्ट्झची नळी त्या यादीत तळाला असते आणि साध्या नळीच्या कित्येक पट किंमत पाहून बहुधा कापलीच जाते. आमच्याकडे ती आता नेहमीच्या वापरात आहे. माझे मत असे की या विषयातल्या प्रत्येक गटाने दोन नळ्या घ्याव्यात, डझनभर मात्र मुळीच घेऊ नयेत.

साधी नळी बोरोसिलिकेट काचेची असते. चहाच्या बोरोसिल ग्लासात असते तसेच हिच्यातही वजनाच्या सुमारे १३ टक्के बोरॉन ऑक्साइड असते, आणि स्पेक्ट्रोमीटर नमुन्यातला बोरॉन कोणता व काचेतला कोणता हे विचारत बसत नाही. क्वार्ट्झमध्ये हा बोरॉन नसतो. बोरॉन-११ चे अणुकेंद्र चतुर्ध्रुवी (विद्युतभार पूर्ण गोलाकार न पसरलेले) असल्याने घन काचेतून येणारा संकेत अतिशय रुंद होतो आणि शून्याच्या दोन्ही बाजूंना कित्येक दहा पीपीएमपर्यंत (पीपीएम हे वर्णपटावर संकेताची जागा सांगणारे एकक) पसरलेला उंचवटा वर्णपटाच्या मधोमध बसतो. सेंद्रिय रसायनातल्या सरळसाध्या बोरोनेटसाठी (बोरॉन असलेल्या सेंद्रिय संयुगांसाठी) तो दुर्लक्षिता येतो, पण मेटॅलाबोरेनच्या कच्च्या मिश्रणात तो खरी अडचण करतो.

उदाहरणार्थ, पेंटामिथाइल-सायक्लोपेंटाडायनिल मॉलिब्डेनम टेट्राक्लोराइडवर उणे ७८ अंश सेल्सिअसला लिथियम बोरोहायड्राइड घालून, नंतर बोरेन-टीएचएफसह (टीएचएफ म्हणजे टेट्राहायड्रोफ्युरान हे द्रावक) टोल्युइनमध्ये तापवले की दोन मॉलिब्डेनम, पाच बोरॉन आणि नऊ हायड्रोजन असलेला परिचित क्लस्टर (अणूंचा पुंजका) मिळतो. त्याचे धातूलगतचे काही बोरॉन खूप खालच्या क्षेत्रात (जास्त पीपीएमकडे), उंचवट्यापासून दूर दिसतात आणि साध्या नळीतही स्वच्छ वाचता येतात. उरलेले उंचवट्याच्या उतारावर येतात, त्यामुळे तिथे क्षेत्रफळ मोजून बोरॉनचे प्रमाण ठरवणे म्हणजे अंदाजपंचे कारभार होतो. हवा किंवा ओलावा शिरल्याने तयार होणारे बोरिक आम्लासारखे पदार्थही २० पीपीएमच्या आसपासच, म्हणजे नेमके उंचवट्याखाली लपतात. क्वार्ट्झच्या नळीत हाच नमुना घेतल्यावर आधाररेषा बरीच सपाट आली आणि २० जवळचा लहानसा संकेत लगेच उठून दिसला. फ्लास्कचे बूच नीट बसले नव्हते, हे त्यावरूनच कळले. नळीची किंमत माझ्या दृष्टीने इथेच वसूल होते.

तरीही विक्रेते सुचवतात तितका लख्ख वर्णपट मिळेल असे समजू नये. प्रोबच्या (स्पेक्ट्रोमीटरमध्ये नळी जिथे बसते त्या भागाच्या) आतल्या भागांतही काच असू शकते, त्यामुळे उंचवटा खाली येतो, पण पूर्णपणे जातोच असे नाही. शिवाय काचेचा संकेत फार झपाट्याने विझतो, म्हणून नोंदीचे सुरुवातीचे काही बिंदू वगळून ते संगणकाने भरून काढले तरी बरेच काम फुकटात होते. ज्यांचे संकेत अरुंद आहेत त्यांनी आधी हा उपाय करून पाहावा. मेटॅलाबोरेनचे काही संकेत मात्र स्वतःच रुंद असतात आणि या छाटणीत तेही झिजतात. तिथे क्वार्ट्झला पर्याय नाही.

हायड्राइडांच्या बाबतीत ही नळी जवळजवळ निरुपयोगी आहे. धातू आणि बोरॉन यांना जोडणारा हायड्रोजन पाहायचा तर बोरॉनपासून वियुग्मित केलेला (बोरॉनचा परिणाम काढून टाकलेला) प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा, वर्णपट लागतो, आणि तो साध्या नळीत उत्तम येतो. याच वर्णपटावर इतकी भिस्त ठेवण्याचे कारण असे की मॉलिब्डेनम किंवा ऱ्हेनियमसारख्या जड अणूशेजारचा हायड्रोजन क्ष-किरणांना जेमतेम दिसतो. न्यूट्रॉन विवर्तनाने पोटॅशियम नॉनाहायड्रिडोऱ्हेनेटमधले नऊच्या नऊ हायड्राइड १९६४ मध्ये सापडले खरे, परंतु नैसर्गिक बोरॉनमधला सुमारे २० टक्के बोरॉन-१० न्यूट्रॉन अधाशासारखे शोषून घेतो, त्यामुळे मेटॅलाबोरेनसाठी तो मार्ग बोरॉन-११ ने समृद्ध केलेल्या महागड्या कच्च्या मालाशिवाय परवडत नाही.

हाताळणीबाबत सांगायचे तर ही नळी ठिसूळ आहे आणि तोंडाशी चटकन टवका उडतो, म्हणून टोपी काढताना पिळू नये. निर्वातात बंद करायची असेल तर नेहमीच्या गॅस-ऑक्सिजन ज्योतीवर विसंबू नका. बोरोसिलिकेट मऊ पडते त्याच्या जवळपास दुप्पट तापमान क्वार्ट्झला लागते. टेफ्लॉन झडपेची क्वार्ट्झ नळी मिळते, पण तिची किंमत पाहता रबरी सेप्टम (सुई टोचता येणारे बूच) लावून तासाभरात नोंद उरकणे बरे. माल हाती आल्यावर नुसते ड्युटरेटेड (जड हायड्रोजन असलेले) बेंझीन भरून एक कोरा वर्णपट जरूर घ्यावा. आमच्या एका पुरवठादाराने क्वार्ट्झच्या दराने साधी काच पाठवली होती, आणि नुसत्या नजरेने ती ओळखणे अशक्यच होते.