फॅलेनॉप्सिस की डेंड्रोबियम? घरातल्या रात्रीच्या तापमानावरून ठरवा

घरात ठेवायला ऑर्किड घ्यायचं म्हटलं की नर्सरीत बहुधा दोनच जाती समोर येतात. एक रुंद, जाड पानांची आणि पतंगासारख्या फुलांची फॅलेनॉप्सिस. दुसरी उसासारख्या कांड्यांची डेंड्रोबियम. लग्नाच्या सजावटीत जे जांभळे-पांढरे तुरे दिसतात ते हिचेच. बहुतेक जण रंग पाहून निवड करतात आणि पुढच्या वर्षी झाड का फुलत नाही म्हणून कोड्यात पडतात. त्याचं उत्तर बऱ्याचदा रात्रीच्या तापमानात असतं.

फॅलेनॉप्सिस दिवसा २४ ते ३० अंश सेल्सिअसला छान वाढते. सावली आणि खेळती हवा असेल तर ३४-३५ अंशही सोसते. मात्र तापमान सतत २८च्या वर राहिलं तर ती नुसती पानं काढत राहते, फुलाचा दांडा काढत नाही. व्यावसायिक हरितगृहांत याच गुणाचा उपयोग करतात. झाड पुरेसं मोठं होईपर्यंत ते २८ अंशांच्या आसपास ठेवतात, मग दिवसा २५ आणि रात्री २० असे चार ते सहा आठवडे काढले की दांडा फुटतो. घरीही हेच हवं. पण १५च्या खाली वाढ थांबते आणि १०च्या खाली पानांवर खोलगट डाग पडतात, ते पुन्हा जात नाहीत.

नर्सरीत मिळणारी डेंड्रोबियम बहुतेक वेळा ‘डेनफॅल’ गटातली असते. तिचं मूळ उत्तर ऑस्ट्रेलियाच्या उष्ण पट्ट्यात. तिला फुलण्यासाठी थंडी लागत नाही. नवं कांडं पूर्ण भरलं आणि उजेड भरपूर मिळाला की शेंड्यातून तुरा येतो. दिवसा २५ ते ३५ आणि रात्री २०च्या आसपास किंवा वर, हे तिचं आवडतं हवामान. रात्री १५च्या खाली जाऊ लागल्या की ती पानं गाळते. उजेडही फॅलेनॉप्सिसपेक्षा दुपटीहून जास्त लागतो: फॅलेनॉप्सिसला १० ते १५ हजार लक्स पुरतात, हिला २५ ते ४० हजार हवेत. म्हणजे सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन किंवा ५० टक्के शेडनेटखालची गॅलरी. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ती फुलणार नाही.

आर्द्रता दोघींनाही ५० ते ७० टक्के हवी, पण हा आकडा एकट्याने फसवतो. गरम हवा जास्त बाष्प मागते. २२ अंशांना ५० टक्के आर्द्रता असताना हवा पानातून जेवढं पाणी ओढते, ३५ अंशांना ५० टक्क्यांवर त्याच्या दुपटीहून अधिक ओढते. ३५ अंशांना तेवढाच ताण ठेवायचा तर आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर लागते. म्हणून तापमान आणि आर्द्रता एकत्र दाखवणारं साधं डिजिटल यंत्र कुंडीजवळ ठेवा आणि रात्रीही वाचा. या दोन्ही ऑर्किड पानांवरची रंध्रं मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे रात्रभर चालणारा एसी त्यांना दुपारच्या कोरड्या हवेपेक्षा जास्त जाचतो. शिवाय फॅलेनॉप्सिसला पाणी साठवायला कांडं नाही, जे काही आहे ते पानात आणि मुळात. ती आधी सुरकुतते.

पानांवर पाणी फवारल्याने आर्द्रता जेमतेम काही मिनिटं वाढते, आणि पोंग्यात पाणी साचलं की गाभा कुजतो. पाणी-खडे भरलेल्या ताटलीचा परिणामही थोडकाच. पाच-सहा कुंड्या एकत्र ठेवणं किंवा छोटा ह्युमिडिफायर लावणं जास्त उपयोगी.

मुंबई-ठाण्यात डेनफॅल गॅलरीत सहज येते. फॅलेनॉप्सिसही जमते, पण डिसेंबर ते फेब्रुवारी ती उघड्या खिडकीशी ठेवा. बाहेर रात्री १६-२० अंश असतात तेव्हा बंद फ्लॅटमध्ये २४ असतात, आणि दांडा तिथेच अडतो. पुण्या-नाशकात चित्र उलटं. घरातल्या हिवाळी रात्री १८-२०च्या म्हणजे फॅलेनॉप्सिसला हव्या तशा. डेनफॅल मात्र नोव्हेंबरअखेर घरात घ्या आणि पाणी आठवड्याला एकदावर आणा. मार्च ते मे दुपारची हवा फार कोरडी होते, तेव्हा दोघींनाही खिडकीपासून दूर, आतल्या बाजूला सरकवा.

विदर्भात उन्हाळा हीच खरी परीक्षा. ४४ अंशांची दुपार बाहेर दोघींपैकी कुणीच काढू शकत नाही. पण वाळ्याच्या ताट्यांचा कूलर ऑर्किडला एसीपेक्षा चांगला, कारण तो खोली थंड करताना दमटपणाही वाढवतो. कुंडी त्याच खोलीत, पण झोताबाहेर ठेवा. तिथे एकच घ्यायची तर डेनफॅल घ्या, तिच्या कांड्यांत साठा असतो.

कोकण-गोव्यात पावसाळ्यात आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात असते, तेव्हा काळजी कुजण्याची. डेनफॅल लाकडी टोपलीत, कोळसा आणि विटांच्या तुकड्यांत, पागोळ्या अंगावर पडणार नाहीत अशी टांगा. फॅलेनॉप्सिस थोडी तिरकी लावा, म्हणजे पोंग्यातलं पाणी निथळतं. विकत आणलेली कुंडी मॉसने गच्च भरलेली असेल तर फुलं संपल्यावर, पावसाआधी, ते काढून नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांत लावा. तुकडे दोन-तीनदा पाणी बदलत २४ तास भिजवा, नाहीतर त्यातलं मीठ मुळं जाळतं. बुरशीसाठी तांबेयुक्त औषध डेंड्रोबियमवर मारू नका, पानं आणि कळ्या करपतात.

कळ्या पिवळ्या पडून गळल्या तर कुंडीची जागा अचानक बदलली का, एसीचा झोत लागतो का, आणि जवळ आंब्याची अढी किंवा केळी पिकायला ठेवलीत का ते पाहा. पिकत्या फळांतून निघणारा इथिलीन वायू फॅलेनॉप्सिसच्या कळ्या दोन दिवसांत पाडतो.

पाटीवर नुसतं ‘डेंड्रोबियम’ लिहिलं असेल तर फुलं कुठून आली आहेत ते बघून घ्या. कांड्याच्या शेंड्याजवळून लांब तुरा निघाला असेल तर ती डेनफॅल. पेरापेरावर दोन-तीन फुलं कांड्याला चिकटून आली असतील तर ती नोबिले गटातली. नोबिले हे सिक्कीमचं राज्यपुष्प. तिला हिवाळ्यात कित्येक आठवडे १०-१३ अंशांच्या रात्री आणि कोरडं ठेवणं लागतं, त्यामुळे मुंबईत, कोकणात ती घेऊ नका.