रिपोर्टवर ४६ टक्के प्रोटीन, गोणीत युरिया

रायगड जिल्ह्यात पोयनाडजवळ माझी ब्रॉयलरची शेड आहे, एका बॅचला साडेपाच हजार पक्षी. कंपनीच्या करारावर पक्षी वाढवत नाही, खाद्य स्वतः बनवतो. हे आत्ता लिहितोय, कारण आम्हाला ज्याने फसवलं तोच माणूस नाव बदलून महाडकडे फिरतोय असं कानावर आलंय.

२०२१चं वर्ष स्वतः खाद्य बनवणारा कुणीही विसरला नसेल. ऑगस्टात सोया पेंड, म्हणजे सोयाबीनचं तेल काढून उरलेला चोथा, ज्यातून खाद्यात प्रोटीन येतं, ती किलोला नव्वद रुपयांपार गेली. आपला देश एरवी पेंड बाहेर पाठवणारा, पण त्या महिन्यात केंद्राने १२ लाख टन जीएम (जनुकं बदललेल्या सोयाबीनची) पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली आणि ज्या बंदरांतून माल उतरणार होता त्यात न्हावा शेवा होतं. म्हणजे आमच्याच जिल्ह्यात, खाडीपलीकडे. लातूर-इंदूरहून पेंड आणायच्या भाड्याचा प्रश्नच नाही, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. दिवाळीनंतर उतरलेला भाव पुन्हा चढायला लागला आणि इकडे थर्टी फर्स्टच्या बॅचची पिल्लं सांगून झालेली. नेमका तेव्हा हा दलाल आला. पनवेलला गोडाऊन, बोलणं गोड, बाजारापेक्षा किलोमागे सहा रुपये कमी. मोबाइलवर बिल ऑफ एंट्रीचा (आयात मालाच्या कस्टमच्या कागदाचा) फोटो दाखवला, कंटेनरचा नंबर दाखवला.

आम्ही पाच जणांनी मिळून एक ट्रक घेतला, वीस टन. माझे त्यात चार. अर्धे पैसे आगाऊ दिले. बाकीच्याचं तोच म्हणाला, "माल उतरला की तुमच्या हाताने सॅम्पल काढा, तुम्हाला पाहिजे त्या लॅबला द्या. रिपोर्ट बघून मग द्या, दादा."

आम्ही तसंच केलं. दहा गोण्यांतून मूठ-मूठ काढली, एकत्र केली, प्रोटीनची तपासणी करून घेतली. रिपोर्ट आला ४६.३. चांगल्या पेंडीला हवं तेवढंच. त्याच संध्याकाळी उरलेले पैसे गेले.

पहिले दहा-बारा दिवस फार कळलं नाही. मग पक्षी पाणी जास्त प्यायला लागले, शीट पातळ झाली, खालचा तूस ओला होऊन त्याचे गोळे बनायला लागले. सकाळी पडदे वर केले की डोळे चुरचुरायचे. आम्ही औषधं बदलली, पाण्याच्या निपलची लाइन तपासली, पिल्लं देणाऱ्याशी भांडलो. पस्तीसाव्या दिवशी वजन केलं तर सरासरी १ किलो ४०० ग्रॅम. माझ्या शेडमध्ये त्या वयाला दोन किलोच्या आसपास असतं.

छडा लागला तो आईमुळे. म्हशीच्या बादलीत तिने तीच पेंड भिजवून ठेवली होती, वर ताट झाकून. तासाभराने ताट काढलं आणि मला हाक मारली, "ह्या पेंडीला मुतारीचा वास कसा येतोय रे?"

बादली तिथेच ओतून टाकली, म्हशीला दिली नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी दोन ग्लासांत दोन पेंडी पाण्यात कालवल्या, एकात त्या ट्रकची, दुसऱ्यात माझ्याकडे उरलेली लातूरची. वरचं पाणी गाळून घेतलं, त्यात चमचाभर तूरडाळीचं पीठ टाकलं आणि पाच-सात मिनिटांनी लाल लिटमसची पट्टी बुडवली. लातूरच्या पेंडीत पट्टी लालच राहिली. ट्रकच्या पेंडीत निळी झाली, म्हणजे तिच्यात युरिया होता.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझी बॅच वाचली असती. लॅबमधल्या नेहमीच्या तपासणीत प्रोटीन मोजतच नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ने गुणतात. युरियात ४६ टक्के नायट्रोजन. शंभर किलो मालात तीन किलो युरिया टाकला की कागदावर साडेआठ टक्के प्रोटीन चढतं. मग उरलेल्या जागेत स्वस्तातला राइस ब्रॅन डीओसी (तेल काढलेला तांदळाचा कोंडा) खुशाल भरता येतो. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन घातलं होतं, ते याच हिशेबाने. गाय-म्हशीच्या पोटातले जंतू युरियातला नायट्रोजन थोडाफार कामी लावतात, तोही बेताने दिला तरच. कोंबडीला त्याचा काही उपयोग नाही, ती तो पाण्यावाटे बाहेर टाकते. म्हणून ती पातळ शीट, म्हणून डोळ्यांना झोंबणारी शेड.

लॅब खोटी नव्हती. आम्ही विचारलं तेवढंच तिने सांगितलं. त्याच नमुन्याची युरियाची तपासणी वेगळी मागावी लागते, जमलं तर लायसिनचीही (हा खऱ्या प्रोटीनमधला एक घटक). पैसे थोडे जास्त जातात. वीस टनांपुढे ते काहीच नाहीत.

नंतर गोण्या नीट पाहिल्या. तोंडाच्या शिलाईखाली सुईच्या भोकांची आणखी एक रांग होती. म्हणजे गोण उसवून पुन्हा शिवलेली. कंटेनरचा नंबर, चार अक्षरं आणि सात आकडे, जहाज कंपनीच्या वेबसाइटवर टाकला. तो कंटेनर आमचा ट्रक यायच्या तीन आठवडे आधीच रिकामा होऊन परत गेलेला. हे बघायला पैसे लागत नाहीत, दोन मिनिटं लागतात. पैसे देण्याआधी आमच्या पाचांपैकी एकानेही ती दिली नाहीत. कागद खरा असेलही, पण त्या कागदावरचा माल आमच्या ट्रकमध्ये होता हे कशावरून?

पोलिसांत तक्रार दिली आहे. दलालाचा फोन तेव्हापासून बंद, गोडाऊन भाड्याचं निघालं. आमच्यातल्या एकाने शेड बंद करून टेम्पो घेतला. त्याची पिल्लं कर्जावर होती.

त्या ट्रकमधल्या दोन गोण्या मी ठेवल्या आहेत, शिलाई तशीच. महाड-माणगावकडे कुणाला बंदरावरची स्वस्त पेंड कुणी देऊ करत असेल तर त्याने आधी माझ्याकडे यावं. भोकांची रांग दाखवतो, ग्लासात पेंड कालवून पट्टीही दाखवतो.