स्की-बोटीचा ट्रिम टॅब : हायड्रॉलिक की इलेक्ट्रिक?

ट्रिम टॅब म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीवर बसवलेली स्टीलची पट्टी. ती खाली झुकवली की मागची बाजू उचलली जाते, नाक खाली येते आणि मागे उठणारी लाट सपाट होते. स्लॅलम स्कीयरला, म्हणजे बोटीमागे तरंगत्या खुणांभोवती वळणे घेत जाणाऱ्याला, जो पुरुषांच्या स्पर्धेत ताशी ५८ किलोमीटरपर्यंतच्या वेगाने ओढला जातो, नेमके हेच हवे असते, तर फळीवर उभे राहून लाटेवरून उड्या मारणाऱ्या वेकबोर्डवाल्याला लाट मोठी लागते, म्हणून ती पट्टी वर हवी असते.

पट्टी हलवणारा संच दोन प्रकारचा असतो. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या संचात पंप बोटीच्या आत कोरडा राहतो आणि पाण्याखाली फक्त तेलाचा सिलिंडर असतो, त्यामुळे तो खाऱ्या पाण्यात बरी साथ देतो. मात्र नळी ओढणे, तेल भरणे आणि गळती शोधणे हे काम कंटाळवाणे आहे. इलेक्ट्रिक संचात नुसती वायर ओढायची असते आणि प्रतिसादही चटकन मिळतो, परंतु मोटार पाण्यातच राहते आणि पाणी अडवणारे सील गेले की पट्टी ढकलणारा अख्खा दांडाच बदलावा लागतो.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या गोड्या तळ्यावर, ट्रेलरवर ठेवल्या जाणाऱ्या बोटीसाठी मी इलेक्ट्रिकच घेईन. दोन्हींत भिंतीला भोके पडतातच. भिंतीच्या आत लाकूड असेल तर त्यात पाणी शिरू नये म्हणून प्रत्येक भोकाच्या कडा इपॉक्सीने बंद कराव्यात आणि स्क्रू आवळताना सीलंट सगळीकडून बाहेर येते का, हे पाहावे.