४१ हजार फुटांवरचा बोळ

अडुसष्टाव्या वाढदिवसाला मुलाने कुपन दिलं. पुण्यात विमानाच्या सिम्युलेटरमध्ये एक तास, साडेसहा हजार रुपये. आधी विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, हे त्याला माहीत होतं म्हणून त्याने विचारलंच नाही. जाऊन आलो. जागेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे कुरकुर आहे आणि तिथल्या पोरीला माझ्यामुळे बोलणी खायला लागू नयेत. पण अशी ठिकाणं आता बरीच निघालीत, जाणाऱ्याला उपयोग होईल.

माझा चष्मा कुठला ते आधी सांगतो. ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यात, चौतीस वर्षं एअरफ्रेम फिटर (विमानाचा सांगाडा जोडणारा) होतो. ओव्हरहॉलला आलेल्या मिग-२१ ची शेपटी, ही माझी भाकरी. विमान एकदाही उडवलं नाही; खोललं आणि जोडलं किती, त्याचा हिशेब नाही. त्यामुळे ‘मुंबईला लँडिंग करा, टोपी घालून फोटो काढा’ यात मला रस नव्हता. काउंटरवर म्हटलं, लँडिंग राहू दे. मला ध्वनीच्या वेगाजवळ विमान काय त्रास देतं ते बघायचंय. काउंटरवरच्या मुलाने आतल्या मुलीला हाक मारली.

मुलगी पंचविशीची, कमर्शियल लायसन्स झालेलं, एअरलाइनच्या बोलावण्याची वाट बघत इथे शिकवते. म्हणाली, “काका, असं कुणी मागत नाही. बसा.”

कॅबिन बोइंग ७३७-८०० ची. जमिनीला पक्की, हलत नाही. समोर तीन पडदे. निम्मी बटणं नुसती शोभेची, पण ती कुठली हे तिने न विचारता सांगितलं. इंजिनांचे लिव्हर वजनदार, हाताला बरे लागतात. सगळ्यात आवडलं ते ट्रिमचं (नाकाचा कल जुळवायचं) चाक: गुडघ्यापाशी असतं आणि फिरायला लागलं की खडखड करतं. दोन सीटांमधल्या पॅडेस्टलजवळ पाय नीट आवरून बसा. हेडसेटला मात्र आधीच्या पन्नास माणसांच्या तेलाचा वास. रुमाल न्या.

पहिला प्रयोग बोळाचा. तिने विमानात वजन भरलं आणि मधला चढ गाळून सरळ ४१ हजार फुटांवर नेऊन ठेवलं. ७३७-८०० ची कमाल उंची तेवढीच, आणि इतक्या वजनाला ती खरं तर परवडत नाही. मला तेच हवं होतं. डावीकडच्या पडद्यावर वेगाची उभी पट्टी असते. वरून लाल-काळी पट्टी खाली उतरलेली: याच्या पुढे वेग नको. खालून पिवळी पट्टी वर चढलेली: याच्या खाली वेग नको. मध्ये जेमतेम पंचवीस-तीस नॉटांची (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर) मोकळी जागा. आमच्या जुन्या नाशकात दोन वाड्यांमधून असे बोळ आहेत, समोरून सायकल आली तर भिंतीला पाठ लावावी लागते.

का होतं असं? वर हवा विरळ, म्हणून पंखांना उचल मिळायला जास्त वेग लागतो. खालची भिंत वर येते. आणि वर हवा थंड, थंड हवेत ध्वनीच हळू चालतो. खाली १५ अंशांना ताशी १२२५ किलोमीटर, तिथे उणे ५६ ला साधारण १०६०. ७३७ ला मॅक ०.८२ च्या, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८२ पटीच्या, पुढे जायची मुभा नाही, म्हणजे वरची भिंत ताशी ८७० च्या आसपास येऊन बसते. यू-२ हे हेरगिरीचं विमान ७० हजार फुटांवर उडायचं, तिथे तर हा बोळ काही नॉटांचाच उरायचा. वैमानिक त्याला शवपेटीचा कोपरा म्हणत.

तिने सांगितलं, आता ४० अंश कलवून वळवा. चाळीस अंशांना पंखांवर १.३ पट भार येतो. वळवलं, आणि पिवळी पट्टी डोळ्यांदेखत वर सरकली. तेवढ्यात हातातला दांडा थडथडायला लागला. ही स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल तुटण्याची, ताकीद. मी सवयीप्रमाणे आणखी जोर लावला, आणि तिने माझ्या हातावर हात ठेवून दांडा पुढे ढकलला. मला समजावलं ते असं की जास्त भार म्हणजे पंखाचा कोन जास्त, कोन जास्त म्हणजे वरून जाणारी हवा आणखी वेगात, म्हणून वळताना दोन्ही भिंती एकदम आत येतात. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पट्टी सरकताना पाहिली आणि पोटात कळलं. साडेसहा हजारांतले तीन हजार इथेच वसूल.

दुसरा प्रयोग वरच्या भिंतीचा. इंजिनं पूर्ण, नाक खाली. ०.८२ ला कट-कट-कट असा कानठळ्या बसवणारा आवाज सुरू झाला. ०.८४. ०.८६. मी वाट बघतोय. काही नाही. दांडा मागे घेतला, नाक मुकाट वर आलं. दोन बोटांनी! लोण्यात सुरी जावी तसं.

इथे माझी मुख्य तक्रार. खऱ्या विमानात ध्वनीच्या अलीकडेच गडबड सुरू होते, कारण विमान ०.८ ने जात असलं तरी पंखाच्या फुगीर पाठीवरून जाणारी हवा तिथल्या तिथे ध्वनीचा वेग ओलांडते. ती पुन्हा मंदावते तिथे शॉक वेव्ह (हवेच्या दाबाची एकदम उडी) उभी राहते. तिच्या मागे हवा पंख सोडून विस्कटते आणि विमान धडधडतं. या धडधडीचं इंग्रजी स्पेलिंग लग्नातल्या बुफेचंच, कारखान्यात आम्ही त्यावर बरेच विनोद केलेत. पण धडधड ही निदान ताकीद असते. वाईट गोष्ट पुढची. पंखाची उचल मागे सरकते, शेपटीवर येणारा हवेचा झोत बदलतो आणि नाक आपोआप खाली जातं. नाक खाली म्हणजे वेग जास्त, वेग जास्त म्हणजे नाक आणखी खाली. आणि ओढायला जावं तर दांडा सिमेंटात रोवल्यासारखा, नाहीतर नुसता सैल: ओढा, मागे काही घडतच नाही.

अमेरिकेच्या पी-३८ लायटनिंग या लढाऊ विमानाला हेच झालं. सूर मारला की विमान वर यायला तयार नसे. १९४१ च्या नोव्हेंबरात लॉकहीडचे चाचणी वैमानिक राल्फ व्हर्डेन त्यावर काम करतानाच गेले. पुढे पंखाखाली खास फ्लॅप बसवले, तेव्हा ते विमान सुरातून सुटायला लागलं. ब्रिटिश चाचणी वैमानिक जेफ्री डी हॅव्हिलँड ज्युनियर २७ सप्टेंबर १९४६ ला थेम्सच्या मुखावर गेले. त्यांचं डीएच १०८ विमान हवेतच तुटलं.

हे सगळं मी पोरीला सांगितलं. तिने हो-ला-हो केलं नाही, हे मला आवडलं. म्हणाली, “काका, नाक खाली जाणं आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाहीये. दांड्याला स्प्रिंग आहे, ती प्रत्येक वेगाला सारखीच. पण खऱ्या ७३७ मध्येही तुम्हाला ते सहज जाणवलं नसतं. मॅक ०.६१५ च्या वर मॅक ट्रिम आपोआप एलेव्हेटर हलवत राहतं.” (मॅक ट्रिम म्हणजे वेग वाढून नाक खाली जाऊ नये म्हणून आपोआप चालणारी यंत्रणा; एलेव्हेटर म्हणजे आडव्या शेपटीची मागची हलणारी फळी.) पैकीच्या पैकी मार्क. यंत्रात काय नाही ते सांगणारा शिक्षक मी कारखान्यातही फार पाहिले नाहीत.

मग मी माझी शेपटी काढली. ध्वनीचा वेग पहिल्यांदा ओलांडणाऱ्या चक येगरच्या एक्स-१ विमानाचा एलेव्हेटर ०.९४ च्या सुमाराला बोथट झाला होता. शॉक वेव्ह नेमकी बिजागरीवर येऊन बसली होती. तेव्हा आडवी शेपटी अख्खीच हलवून काम निभावलं, आणि १४ ऑक्टोबर १९४७ ला मॅक १.०६ झाला. मिग-२१ ला वेगळा एलेव्हेटरच नाही, अख्खी शेपटी फिरते. तिच्या टोकाला पुढे आलेली एक कांडी असते. बघायला येणारी शाळेची पोरं विचारायची, “काका, ही बंदूक का?” ते वजन असतं. शेपटी फडफडायला लागू नये म्हणून. बसवून झाली की आम्ही टोकाला डायल गेज लावून, हाताने वर-खाली करून खेळ मोजायचो. काटा केसभर जास्त हलला की पुन्हा खोला. मे महिन्यात, हँगरच्या पत्र्याखाली. तेव्हा शिव्या घातल्यात मी त्या बेअरिंगला.

तिसरा प्रयोग तिनेच सुचवला. ऑटोपायलटवर ठेवून उजवं इंजिन बंद केलं. १९ फेब्रुवारी १९८५ ला चायना एअरलाइन्सच्या ७४७ एसपीचं ४१ हजार फुटांवर एक इंजिन बसलं होतं. कॅप्टनचं लक्ष त्या इंजिनात, ऑटोपायलट बिचारा विमान सावरतोय आणि वेग हळूहळू संपतोय. शेवटी विमान उलटून साडेनऊ हजार फुटांपर्यंत कोसळलं. तिथे सावरलं आणि सॅन फ्रान्सिस्कोला उतरलं, शेपटीचे तुकडे वाटेत सांडून. ही गोष्ट मी तिला दहा मिनिटांपूर्वी स्वतः सांगितली होती. तरी इंजिन गेल्यावर मी काय केलं? इंजिनाच्या तापमानाचा काटा बघत बसलो. दांडा थडथडला तेव्हा वर पाहिलं. ती काही बोलली नाही, फक्त पट्टीकडे बोट केलं.

तासातली बारा मिनिटं सूचना आणि फोटोत जातात, हे लक्षात ठेवा. शेवटी प्रमाणपत्राच्या फ्रेमचे चारशे मागतात. घेऊ नका.

आणि ‘सुपरसॉनिक पॅकेज’ अजिबात घेऊ नका. शेजारच्या खोलीत लढाऊ विमानाची सीट आहे, पंधरा मिनिटांचे दोन हजार, बाहेर ‘ध्वनीची भिंत फोडा’ असा फलक. मी पाच मिनिटं पाहिलं. एका कॉलेजच्या मुलाने लिव्हर पुढे ढकलला, ०.९, १.०, १.१. फास्टॅगवाल्याने टोलनाका पार करावा तसा. पडदा हलला नाही, वेग वाढायचा मंदावला नाही. याच जागी हवेचा विरोध एकदम कित्येक पटींनी वाढतो. आपल्या एचएफ-२४ मारुत या लढाऊ विमानाने १७ जून १९६१ ला पहिलं उड्डाण केलं. जर्मन अभियंता कुर्ट टँकने ते मॅक २ च्या हिशेबाने आखलं होतं. मनाजोगतं इंजिन मिळालं नाही, दोन ऑर्फियस इंजिनांवर भागवलं, आणि बिचारं ध्वनीच्या उंबरठ्यावरच घुटमळत राहिलं. मुलगा लहान असताना त्याला कमला नेहरू पार्कात तिथलं मारुत दाखवलं होतं. अंग कंबरेत आवळलेलं असतं ते का, हे सांगत होतो: पंख सुरू होतात तिथे धड बारीक केलं की हा विरोध कमी होतो. त्याला घसरगुंडीवर जायचं होतं.

घरी येताना गाडीत तो म्हणाला, “बाबा, लँडिंग केलंत का?” म्हटलं, नाही. “मग तासभर काय केलंत?”

पाचपैकी साडेतीन तारे, त्यातले दोन त्या मुलीचे. बुकिंग करताना जड वजन आणि ४१ हजार फूट आधीच सांगा, नाहीतर चढण्यातच वीस मिनिटं जातील. संध्याकाळी पाचनंतर वाढदिवसांची गर्दी असते. जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही. पार्किंग नाहीच, रिक्षाने जा. आणि ती अजून तिथे आहे का हे फोन करून विचारून घ्या. तिला एअरलाइनचं बोलावणं आलं असलं तर लँडिंगच करून या.