अवयवदानाची ऑनलाइन नोंदणी: वापरून पाहिली, घरी बोलूनही पाहिलं

'नोटो' म्हणजे केंद्र सरकारची राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्था. तिच्या संकेतस्थळावर मी मरणोत्तर अवयवदानाची नोंदणी केली. मी वसमत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नोंदणी फुकट आहे, वय मात्र 18 पूर्ण पाहिजे. आधार क्रमांक टाकला की ओटीपी येतो, मग काय काय द्यायचं ते आपणच निवडायचं. नुसते डोळे दिले तरी चालतात. शेवटी प्रमाणपत्र डाउनलोड होतं. आधारला जुनाच मोबाईल नंबर असेल तर आधी तो बदलून घ्या, नाहीतर सगळं ओटीपीवरच अडतं.

सेवा उत्तम. पण प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे काम झालं, असं कुणी समजू नये. मेंदू मृत झाल्यावर दवाखान्यातले लोक आपल्या मोबाईलमधलं कार्ड शोधत बसत नाहीत. ते बाहेर बसलेल्या नवऱ्याला, लेकराला, आईबापाला विचारतात. त्यांनी नाही म्हटलं तर विषय संपला. रडारड चालू असताना हा प्रश्न त्यांच्या कानावर पहिल्यांदा पडला, तर ते बिचारे काय सांगणार?

म्हणून प्रिंट काढून रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांसमोर ठेवली. यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, भीती एकच. सही दिली आहे म्हणून डॉक्टर आपल्याला नीट वाचवणार नाहीत. ही भीती गावोगाव आहे आणि तिच्यावर हसू नये. मी यांना 1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यातली पद्धत सांगितली. मेंदू खरंच मृत झालाय का, हे चार डॉक्टरांचं मंडळ तपासतं, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात नसतात. आणि कुटुंबाने होकार दिल्यावर अवयव काढण्याचा खर्च घरच्यांच्या माथी येत नाही. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझं असेल तर मी सही करीन. माझं मला विचार करू दे." मला तेवढं पुरे होतं.

आत्यांचं, म्हणजे सासूबाईंचं, वेगळंच. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "मोतीबिंदू काढलेले मपले डोळे कोण घेतंय गं?" चालतात! मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये भिंग बदलतात, दानात लागतो तो समोरचा पारदर्शक पडदा. चष्मा असला, साखर असली तरी चालतं. खेड्यात हे फार महत्त्वाचं आहे, कारण हृदय, यकृत, मूत्रपिंड मरणोत्तर द्यायचं तर माणूस बहुतेक वेळा अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवर असावा लागतो. घरात खाटेवर गेलेल्या म्हाताऱ्या माणसाचे डोळे मात्र देता येतात. नेत्रपेढीला लगेच फोन करायचा, कारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पापण्या मिटवायच्या, वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, पंखा बंद करायचा. पथक घरी येतं, अर्ध्या तासाच्या आत काम उरकतं, चेहरा विद्रूप होत नाही. अंघोळ, दर्शन, सगळं नेहमीसारखं होतं.

हे ऐकून आत्या म्हणाल्या, "मग घ्या की. जाळून काय करायचेत?" मामा, म्हणजे सासरे, मात्र अजून "बघू" म्हणतात. त्यांच्या मागे लागायचं नाही असं मी ठरवलंय. मोठ्या माणसाला त्याचा वेळ द्यावा.

मराठवाड्यासाठी प्रत्यारोपण समन्वय केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. नोटोची मोफत हेल्पलाइन 1800114770, ती चोवीस तास चालू असते. हा नंबर आणि जवळच्या नेत्रपेढीचा नंबर मी फ्रीजवर चिकटवलाय. यांच्या आणि दिराच्या मोबाईलमध्येही टाकून दिलाय, कारण फोन मी करणार नाहीये, त्यांनाच करायचा आहे.