मॉरिशसचं ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट: सात महिने, चार फेऱ्या

नवऱ्याचं काम एबेनच्या सायबरसिटीत निघालं आणि आम्ही जुलै ते जानेवारी मॉरिशसला राहून आलो. भाड्याचं घर कात्र बोर्नला होतं, पण ताबा मिळायला आठवडा होता. तेवढ्यात सुट्टीही होईल म्हणून डोंबिवलीतूनच पूर्व किनाऱ्यावर, बेल मारच्या पट्ट्यातलं एक पंचतारांकित ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट सहा रात्रींसाठी बुक केलं. नंतर तिथेच आणखी तीनदा गेलो. गणपतीत दोन रात्री, नोव्हेंबरात सासू-सासरे आले तेव्हा तीन रात्री, आणि डिसेंबरात एका दिवसाचा पास काढून. रिसॉर्टचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या बहुतेक तक्रारी त्या पट्ट्यातल्या इतर रिसॉर्टांत राहिलेल्यांकडूनही ऐकल्यात, एकालाच कशाला धरायचं?

पहिली तक्रार मात्र माझी माझ्यावरच. जुलैत पूर्व किनारा घ्यायचा नसतो, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली, त्यामुळे आपला पावसाळा तो त्यांचा हिवाळा. त्या दिवसांत आग्नेयेकडून व्यापारी वारे येतात आणि पूर्व किनारा त्यांच्या थेट तोंडावर. थंडी अशी नाही, दुपारी बावीस-चोवीस अंश, पण वारा दिवसभर थांबत नाही. जाहिरातीतल्या फोटोत पांढरे पडदे मंद झुलताना दिसतात, आमच्या बाल्कनीत वाळत घातलेला टॉवेल दोनदा खालच्या मजल्यावरच्या फ्रेंच आजींकडे गेला. दुसऱ्या वेळी त्यांनी तो घडी करून आणून दिला. पोहायच्या तीन तलावांपैकी एकाचंच पाणी गरम केलेलं, त्यामुळे सगळं रिसॉर्ट त्या एकातच. सीफेसिंग खोलीचे जास्तीचे पैसे भरले होते आणि सहा रात्री बाल्कनीचं दार बंद ठेवून झोपलो. तेच रिसॉर्ट नोव्हेंबरात स्वर्ग होतं. तेव्हा जून ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर पश्चिम किनारा बघा, फ्लिक-आँ-फ्लाककडे. मधले डोंगर वारा अडवतात आणि समुद्रावरचा सूर्यास्तही तिकडेच दिसतो. पूर्वेला सूर्यास्त हॉटेलच्या पार्किंगच्या मागे होतो. सासऱ्यांनी कॅमेरा घेऊन पहिल्या संध्याकाळी ही गोष्ट शोधून काढली आणि तीन दिवस मला ऐकवली.

आता 'ऑल-इन्क्लुझिव्ह'बद्दल. चेक-इनला मनगटावर पट्टा बांधतात, तो निघेपर्यंत कापायचा नाही. तिन्ही वेळचं बुफे, दुपारचा चहा-केक, बारमधली ठरावीक दारू, फ्रीजमधल्या रोज एकदा भरल्या जाणाऱ्या बिअर आणि थंड पेयांच्या बाटल्या, मुलांचा क्लब, कयाक, पॅडल बोट, स्नॉर्केलिंगची बोट, काचेच्या तळाची बोट, हे सगळं त्यात. वॉटर-स्कीइंगही होतं. स्कूबा, पॅराशूट, स्पा, लॉबस्टर आणि दारूतले वरचे ब्रँड बाहेर. हे कागदावर होतं, कुणी फसवलं नाही. कागदावर नव्हतं ते असं, की तीन विशेष रेस्टॉरंटांपैकी एकातही आधी जागा राखून ठेवल्याशिवाय शिरता येत नाही, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा इटालियनच्या पहिल्या चार रात्री भरलेल्या होत्या. शिवाय रात्री पुरुषांना फुल पँट सक्तीची. नवऱ्याने सहा दिवसांसाठी चार बर्म्युडा आणि विमानात घातलेली एकच जीन्स आणली होती. ती जीन्स सहाही रात्री जेवायला आली.

पहिल्या फेरीत आम्ही काय केलं? वसुली. पैसे भरलेत ना, मग सकाळी साडेसातला नाश्ता, साडेदहाला तलावाशेजारी वॅफल, साडेबाराला जेवण, चारला केक, सातला पुन्हा जेवण. नवरा दिवसाला एखाद-दुसरी बिअर घेतो, मी घेत नाही, मुलगा नऊ वर्षांचा. आमच्यासारख्यांच्या पैशांवर शेजारच्या टेबलावरची मंडळी सकाळी अकरापासून रम पितात, हे तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. ऑल-इन्क्लुझिव्ह आणि हाफ बोर्ड (म्हणजे फक्त नाश्ता आणि रात्रीचं जेवण) यांच्या दरातला फरक मुख्यतः दारू आणि दुपारच्या जेवणाचा असतो. नंतर दोन्ही प्रकारांनी राहिलो तेव्हा माझ्या वहीतला हिशोब असा निघाला की न पिणाऱ्या शाकाहारी कुटुंबाने पूर्ण पॅकेज घेणं म्हणजे एक ताट जेवून दोन ताटांचे पैसे भरणं. पिणारे असाल किंवा दर अर्ध्या तासाला फ्राइज मागणारी मुलं बरोबर असतील तर गणित बदलतं.

शाकाहाराची काळजी मात्र नको. रोज डाळ, दोन भाज्या, पनीरचं काहीतरी आणि अशार. अशार म्हणजे कोबी, गाजर, फरसबी हळद-मोहरीत परतून केलेलं लोणचं. नाव ऐकून मी आचारी काय म्हणतोय ते दोनदा विचारलं आणि मग 'अचार' असं डोक्यात पेटलं. भारतीय पदार्थांचा कोपरा मात्र युरोपीय जिभेच्या मापाने केलेला, डाळीत मिरची नावाला. घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी चौथ्या दिवसापासून बुफेत पर्समधून निघू लागली. कुणी हरकत घेतली नाही, उलट एका वेटरने चाखायला मागितली.

खरं जेवण गेटबाहेर होतं आणि ते आम्हाला पहिल्या सहा दिवसांत कळलंच नाही, कारण बाहेर पडलं की आतलं भरलेलं जेवण वाया जातं! कात्र बोर्नला राहायला लागल्यावर रोज धोल पुरी खाल्ली. वाटलेली डाळ भरलेली मऊ, पातळ पोळी. पुरणपोळीत गूळच घातला नाही तर कशी लागेल, तशी. दोन-दोनच्या जोडीने देतात, आत वालासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा रुगाय म्हणजे मसालेदार रस्सा, वरून हिरवी चटणी, आणि कागदात गुंडाळून हातात. गातो पिमां तर आपला डाळवडाच, फक्त लिंबाएवढा, आणि तिथले लोक तो लोणी लावलेल्या पावात घालून नाश्त्याला खातात. रिसॉर्टच्या बुफेत 'स्थानिक पदार्थांची रात्र' होती, त्यात हे दोन्ही होते. गातो पिमां गरम दिव्याखाली तासभर ठेवलेले, खडखडीत.

समुद्राचं सांगते, कारण पैसे त्याचेच. बेटाभोवती बहुतेक सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे. लाटा दूर तिथेच फुटतात, पांढरी रेघ दिसते आणि आवाज येतो, पण किनाऱ्यापर्यंत येतं ते कंबरभर, काचेसारखं पाणी. पोहायला न येणाऱ्या माझ्यासारखीला याहून चांगला समुद्र मिळणार नाही. पण ओहोटीला तळाशी मेलेलं प्रवाळ उघडं पडतं आणि खबदाडांत काटेरी समुद्री अर्चिन बसलेले असतात. मुलाच्या टाचेत पहिल्याच दिवशी दोन काटे गेले. रिसॉर्टच्या नर्सने काढून दिले, मोफत, त्याबद्दल पूर्ण गुण. नंतर रिसॉर्टच्या दुकानात रबरी बूट घ्यायला गेले तर किंमत ऐकून परत फिरले. तेच बूट गावातल्या दुकानात निम्म्याहून कमी पैशांत मिळाले. ते घेतल्याशिवाय पाण्यात उतरू नका.

आणखी एक, जे भारतीय पाहुण्यांना रिसेप्शनवर सांगत नाहीत. मॉरिशसचे किनारे सार्वजनिक आहेत. भरतीच्या रेषेपासून आत सुमारे 81 मीटरचा पट्टा फ्रेंचांच्या काळापासून 'पा जेओमेत्रिक' म्हणून सरकारी मानला जातो आणि हॉटेलं ती जमीन भाडेपट्ट्याने घेतात. ओली वाळू सगळ्यांची. त्यामुळे अननसवाला रोज आमच्या आरामखुर्च्यांसमोरून जायचा. छोटा, गोड अननस, देठाला धरून सालीचे डोळे तिरप्या खाचांनी काढलेला, वर चिंच, मीठ आणि मिरची. रिसॉर्टचा रखवालदार कोरड्या वाळूत उभा, अननसवाला ओल्या वाळूत, आणि दोघांची क्रेओल या तिथल्या बोलीत गप्पांची बैठक. गिऱ्हाईकाने उठून चार पावलं चालत जायचं, एवढाच नियम. दुपारचं बुफे सोडून मी किती अननस खाल्ले याचा हिशोब वहीत नाही.

दुसरी फेरी गणपतीतली. गणेश चतुर्थीची मॉरिशसला सार्वजनिक सुट्टी असते हे ऐकून होते, पण आम्ही रिसॉर्टमध्ये अडकलो म्हणून मी जरा हिरमुसले होते. आमलेट करणाऱ्या बाईंना मुलाने 'मोदक आहेत का' असं विचारलं. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आमी मराठी." पुढचं वाक्य क्रेओलमध्ये आणि त्याच्या पुढचं इंग्रजीत. त्यांचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर आले, गावाचं नाव घरात आता कुणाला माहीत नाही. शाळेत मराठी विषय होता, वाचता येतं, बोलायला जीभ वळत नाही. आरत्या मात्र सगळ्या पाठ. त्या संध्याकाळी त्यांची पाळी संपल्यावर सार्वजनिक किनाऱ्यावर विसर्जनाला आम्ही त्यांच्याबरोबर गेलो, रिसॉर्टपासून वाळूतून दहा मिनिटं. ढोल, गुलाल, पोरं पाण्यात. आरती सुरू झाली आणि त्या बाई एकही शब्द न अडखळता म्हणत होत्या. मीच तिसऱ्या कडव्याला पुटपुटत होते. परतलो तेव्हा बुफे बंद झालं होतं. रूम सर्व्हिस पॅकेजमध्ये नाही, म्हणून रात्री नऊनंतर चटणी आणि बिस्किटं.

रिसॉर्टच्या करमणुकीबद्दल थोडंच. आठवड्यातून एकदा सेगा असतो. 2014 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेलं हे नाच-गाणं मळ्यांवरच्या गुलामांचं. स्टेजवर रंगीत घागरे, माइक, पाहुण्यांना ओढून नाचवणं. ठीक. रविवारी सार्वजनिक किनाऱ्यावर एका कुटुंबाने बिर्याणीची पातेली उतरवून ठेवली, काटक्या पेटवल्या आणि रावान त्या आगीवर धरला. बकरीच्या कातड्याचं मोठं, चपटं वाद्य. कातडं ताणलं जावं म्हणून शेकत होते, अगदी आपले लोक हलगी शेकतात तसंच, मधूनमधून बोटाने टिचकी मारून आवाज बघत. स्टेजवरच्या कार्यक्रमात ही आग नव्हती.

नोव्हेंबरच्या फेरीत मला दराची खरी गंमत कळली. एव्हाना आमच्याकडे तिथले राहण्याचे परवाने होते. रिसॉर्टं रहिवाशांना वेगळा दर देतात. ओळखपत्र दाखवून त्याच प्रकारची खोली जुलैच्या दराच्या जवळपास दोन-तृतीयांशात मिळाली. सासू-सासऱ्यांची खोली पाहुण्यांच्या दराने. म्हणजे शेजारशेजारच्या दोन दारांमागे दोन किमती. तिथे कुणी ओळखीचे राहत असतील तर विचारून बघा. आणि वीस डिसेंबर ते नववर्षाच्या आसपास अजिबात जाऊ नका, दर चढतात आणि वर नाताळ-नववर्षाच्या मेजवानीचे पैसे सक्तीने लावतात.

सासूबाईंना त्या सगळ्या वैभवात एकच हवं होतं, चहा. खोलीत किटली होती, व्हॅनिलाच्या वासाचा स्थानिक चहा होता, दुधाच्या पावडरच्या पुड्या होत्या. "हा चहा की अत्तर?" दुसऱ्या दिवशी त्यांनी बटव्यातून आलं काढून थेट बारमधल्या मुलाच्या हातात दिलं आणि हातवाऱ्यांनी उकळायला सांगितलं. त्याने उकळला. तिन्ही दिवस सकाळी सहाला, बार उघडायच्या आधी. सेवेबद्दल एवढं पुरे. टिप द्यायची सक्ती नव्हती, सासूबाईंनी त्याला चहाची दिली.

सासऱ्यांना एक दिवस पोर्ट लुईला आप्रवासी घाट बघायला नेलं. 1834 पासून भारतातून आणलेले मजूर जिथे उतरले ते ठिकाण. सोळा दगडी पायऱ्या, बाकी फारसं शिल्लक नाही. आमलेटवाल्या बाईंचं त्यांना सांगितलं होतं, म्हणून ते पायऱ्यांपाशी बराच वेळ थांबले. येताना बाजारात अलुदा प्यायलो, सब्जा घातलेला आपला फालुदाच. रिसॉर्टमधलं दुपारचं जेवण बुडालं. त्या दिवशी त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

बहीण मे महिन्यात जातेय. तिला हाफ बोर्ड घ्यायला सांगितलंय, रिसॉर्टच्या तीनच रात्री, बाकीचे दिवस फ्लिक-आँ-फ्लाकला साधं अपार्टमेंट आणि भाड्याची गाडी. गाडी डावीकडूनच चालते, त्रास नाही. इल ओ सेर्फ या पूर्वेच्या छोट्या बेटावर जायची बोट रिसॉर्टमधून न घेता त्रू द'ओ दूस गावाच्या धक्क्यावरून घे म्हटलंय. माझे रबरी बूटही दिलेत. डाव्याचा तळ जरा सुटलाय, पण एका फेरीला पुरेल.