थीसिसचं 'डेटा अ‍ॅनालिसिस करून मिळेल' वालं दुकान: बाइंडिंगला बिनधास्त जा, आकड्यांसाठी जाऊ नका

सोलापुरात कॉलेजच्या आसपास झेरॉक्सच्या दुकानांच्या काचा बघा, टायपिंग, स्पायरल, हार्डबाइंडिंगच्या खाली आता आणखी एक ओळ चिकटवलेली दिसते, एसपीएसएस डेटा अ‍ॅनालिसिस करून मिळेल. एसपीएसएस म्हणजे सर्व्हेच्या आकड्यांचे तक्ते आणि टेस्ट काढून देणारं सॉफ्टवेअर. अशाच एका दुकानाबद्दल लिहितेय. नाव टाकत नाही, कारण त्या एकाच दुकानाचा हा प्रश्न नाहीये.

आधी चांगलं सांगते. मराठी टायपिंग एकदम स्वच्छ, जोडाक्षरं फुटत नाहीत, हेडिंग-मार्जिन सगळं नियमाप्रमाणे. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, सबमिशनच्या गर्दीतसुद्धा सांगितलेल्या दिवशी कॉपी हातात. मालक बोलायला चांगले, पाच वेळा करेक्शन सांगितलं तरी वैतागत नाहीत.

आता अ‍ॅनालिसिस. माझी रूममेट एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) करतेय, विषय पूर्व भागातल्या विडी कामगार बायका. पोरगी उन्हातान्हात घरोघर फिरली, बायका सुपात तंबाखू-पानं घेऊन विड्या वळतायत आणि ही शेजारी बसून प्रश्नावली भरतेय, दिवसाला किती विड्या होतात, हजार विड्यांमागं हातात किती पडतात, पाठ-डोळे दुखतात का, असं सगळं. ते एक्सेल तिनं दुकानात दिलं, सोबत पाच हजार रुपये. परत आलं ते जाडजूड बाड, प्रत्येक प्रश्नाला एक टक्केवारीचा तक्ता, एक पाय चार्ट आणि खाली 'वरील तक्त्यावरून असे दिसून येते की'. त्यातला एक तक्ता मी नीट बघितला. वैवाहिक स्थिती, विवाहित 1, अविवाहित 2, विधवा 3, परित्यक्ता 4, आणि खाली मीन 2.13, स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) 0.84. आता वैवाहिक स्थितीची सरासरी 2.13 म्हणजे काय हो? त्या नुसत्या खुणेसाठी दिलेल्या नंबरांची सरासरी निघतच नाही, पण सॉफ्टवेअरला सांगितलं की ते काढून देतं.

पुढं काय-स्क्वेअर, म्हणजे दोन प्रश्नांच्या उत्तरांचा एकमेकांशी संबंध आहे का हे बघायची टेस्ट. कुठल्याही दोन प्रश्नांना लावलेला, काही खान्यांत दोन-तीनच बायका आणि एक्स्पेक्टेड आकडा (संबंध नसता तर त्या खान्यात जेवढ्या यायला हव्या होत्या तो) 5 च्या खाली, तिथं ही टेस्ट भरवशाची राहत नाही हे कुठंच लिहिलेलं नाही. पी व्हॅल्यू, म्हणजे खरा संबंध नसताना नुसत्या योगायोगानं एवढा किंवा याहून जास्त फरक दिसण्याची शक्यता, 0.000 छापलीय. ती कधी शून्य नसते, 0.001 पेक्षा कमी असा त्याचा अर्थ. आणि कहर म्हणजे पी 0.000 असूनसुद्धा खाली वाक्य आहे 'शून्य परिकल्पना स्वीकारली', म्हणजे संबंध नाही असं मानलं; एवढ्या लहान पी ला ती नाकारायची असते, म्हणजे बरोबर उलटं! विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "मॅडम, आम्ही सगळ्यांना असंच देतो की." मला हेच लई लागलं. सगळ्यांना असंच, म्हणजे असे किती थीसिस कपाटात गेले असतील.

पण पोरं तिथं का जातात, हेही बोललं पाहिजे. पीएचडीला कोर्सवर्क सक्तीचं आहे, यूजीसीच्या 2022 च्या नियमात किमान 12 क्रेडिट, आणि एमए-एमएसडब्ल्यूलाही रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात स्टॅटिस्टिक्स येतंच. दहावीनंतर गणित सोडलेल्या पोरांना तिथं काय मिळतं तर दहा आकड्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन हातानं काढा, सूत्र पाठ करा, पंधरा मार्कांचं गणित येणारच. मीन कधी, मीडियन (ओळीनं लावल्यावर मधला आकडा) कधी, टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी) कुठं लावायची, हे कोणी स्वतःचा डेटा उघडून दाखवत नाही. टी-टेस्ट 1908 साली गॉसेटनं मांडली, तो गिनेस ब्रुअरीत कामाला होता आणि हातात नमुने थोडे असायचे म्हणून त्याला ती लागली, एवढी साधी गोष्ट वर्गात सांगितली असती तरी डोक्यात उजेड पडला असता. सॅम्पल साइजचंही, म्हणजे किती जणांना विचारायचं याचंही तसंच, क्रेजसी आणि मॉर्गनच्या 1970 च्या टेबलातून सगळे मोठ्या लोकसंख्येसाठीचा 384 हा आकडा उचलतात, पण ते टेबल रँडम सॅम्पलसाठी, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी माणसं निवडलेली असतील तर, आहे, ओळखीच्या गल्लीतल्या ओळखीच्या बायकांना विचारून 384 भरले तर ते रँडम होत नाही. हे परीक्षेत विचारत नाहीत, व्हायव्हाला एक्स्टर्नल विचारतात, आणि तेव्हा दुकानदार शेजारी उभा नसतो.

आम्ही शेवटी लॅपटॉपवर जामोवी नावाचं आकडेवारीचं सॉफ्टवेअर टाकलं. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर नेटशिवाय चालतं, एक्सेल फाइल थेट उघडते, आणि प्रत्येक कॉलम नॉमिनल (नुसती खूण) आहे का ऑर्डिनल (क्रम असलेला) का कंटिन्युअस (मोजलेला आकडा) हे ठरवून ठेवता येतं, तिथंच निम्मा गोंधळ मिटतो. पी व्हॅल्यूही 0.000 न दाखवता 0.001 पेक्षा कमी अशीच दाखवतं. रोजच्या विड्यांच्या आकड्यांचा बॉक्स प्लॉट (प्रत्येक गटातले मधले निम्मे आकडे एका डब्यात दाखवणारं चित्र) काढला तर घरात लहान लेकरं असलेल्या बायकांचा डबा सरळ खाली सरकलेला दिसला. एवढी मोठी गोष्ट त्या सगळ्या पाय चार्टांत कुठंच नव्हती! रूममेट स्क्रीनकडं बघत म्हणाली, अगं हे तर मला त्या बायकांनी तोंडानं सांगितलं होतं.

तर बाइंडिंग-टायपिंगला पाचपैकी पाच, अ‍ॅनालिसिसला एक. तरी अडचण असेल आणि द्यायचंच असेल तर मूळ एक्सेलची कॉपी आधी स्वतःकडं ठेवा, कुठल्या प्रश्नाला कुठली टेस्ट आणि का हे कागदावर लिहून मागा, आणि नुसती प्रिंट घेऊ नका, आउटपुट आणि डेटा दोन्ही फाइल पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.